चौथी खेप

मिस्त्रींना लिफ्टचं सगळं कळत होतं, जिन्याचं काहीच कळत नव्हतं. सव्वीस वर्षं ते लिफ्ट दुरुस्त करत आले होते. दोर किती झिजलाय ते हात लावून सांगायचे, दार कुठे घासतंय ते नुसत्या आवाजावरून ओळखायचे. पण पहिल्या मजल्यावर जायचं झालं तरी बटण दाबून उभे राहायचे. “जिना चढलो तर धंद्याशी बेइमानी होईल,” असं म्हणून स्वतःच हसायचे, आणि हसताना त्यांचं पोट त्यांच्यापेक्षा जास्त हसायचं.

गंमत अशी, की ते स्वतः राहत होते त्या पाच मजली इमारतीची लिफ्ट महिनाभर बंद होती. दाराचा खटका तुटला होता. नवा खटका मिस्त्रींच्याच टेबलाच्या खणात पडून होता. “रविवारी बसवतो,” असं ते सगळ्यांना सांगायचे. रविवार यायचा, जेवण व्हायचं, डोळा लागायचा आणि रविवार जायचा. मिस्त्री राहायचे चौथ्या मजल्यावर. ते दिवसातून एकदा उतरत आणि एकदा चढत, तेही मजल्यामजल्यावर थांबून, शेजाऱ्यांच्या कुंड्यांची चौकशी करत. बायको मात्र पाळणाघरात कामाला होती. ती सकाळी जायची, दुपारी यायची, पुन्हा भाजीला उतरायची. तिला कुंड्यांची चौकशी करायला सवड नव्हती.

मग मिस्त्रींच्या कार्यशाळेतला वेल्डर गेला. बावन्न वर्षांचा माणूस, दुपारी डबा उघडायला खाली बसला तो उठलाच नाही. देवाने माणसाला काळीज दिलंय एकच, आणि त्याचा सुटा भाग कुठल्या खणात मिळत नाही, हे त्या दुपारी सगळ्यांना एकदम कळलं. मालकाने पंचेचाळिशीच्या पुढच्या सगळ्यांना तपासणीला धाडलं. मिस्त्रींचं हृदय धड निघालं. पण डॉक्टर म्हणाले, “धड आहे, पण आळशी आहे. रक्तदाब चढलाय. असंच चाललं तर पाच वर्षांनी आपण वेगळ्या खोलीत भेटू.” आणि त्यांनी मिस्त्रींचं नाव हॉस्पिटलातल्या व्यायामाच्या गटात घातलं.

गटात सगळे त्याच वयाचे पुरुष. एक किडकिडीत शिंपी होता, मिस्त्रींहून दोन वर्षांनी मोठा. एक बसचा ड्रायव्हर होता, ज्याच्या जिभेला ब्रेक नव्हता. शिकवायला एक तरुण बाई होत्या, त्यांना सगळे ताई म्हणायचे.

ताईंनी पहिल्या दिवशी समजावलं. “हृदय म्हणजे स्नायू आहे. त्याला नुसतं बसवून ठेवलं तर ते सैल पडतं, आणि एकसारखं पळवलं तर थकतं. म्हणून चार मिनिटं जोरात चढायचं, इतकं, की अख्खं वाक्य एका दमात बोलता येऊ नये. मग तीन मिनिटं हळू. ही झाली एक खेप. अशा चार खेपा, आठवड्यातून तीनदा, घरच्या जिन्यावर; दर मंगळवारी इथे आकडे बघू. चढ्या लयीत गेलेला गाणारा परत संथ ओळीवर येतो ना, श्वास घेतो, आणि पुन्हा उठतो, तसं. तुमच्या वयाच्या माणसांना याचा चांगला गुण येतो. पंप मजबूत होतो, दम वाढतो, रक्तदाबही पुष्कळांचा उतरतो. पण एक ध्यानात ठेवा. छातीत काहीही वेगळं वाटलं, तर थांबायचं आणि मला सांगायचं. लाजायचं नाही.”

हे शेवटचं वाक्य मिस्त्रींनी ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं. पुढे त्यांना तेच सगळ्यात जास्त टोचलं.

प्रत्येकाला छातीला बांधायचा एक पट्टा मिळाला. ठोके पुरेसे वाढले नाहीत की तो केविलवाणं पिकपिक करायचा. ठोक्यांचा सगळा हिशोब त्यात साठायचा. हॉस्पिटलच्या जिन्यावर पहिली खेप सुरू झाली आणि दुसऱ्याच मिनिटाला मिस्त्रींच्या पायांचे लाकडी ठोकळे झाले. पुढे शिंपी शेळीसारखा टुणटुण चढत होता. मिस्त्रींनी खिशातला फोन काढला, जो वाजलाच नव्हता, आणि कानाला लावला. “कुठे? लिफ्टमध्ये? किती माणसं अडकलीत? आलोच.” तो खोटेपणाचा पहिला जिना. पुढचे जिने मग सोपे गेले.

घरी सोमवारी त्यांनी पट्टा बांधला आणि जिन्यावर गेले. दुसऱ्या मजल्यावर बसले. पट्टा पिकपिक करू लागला. शेजारच्यांचं दार किलकिलं झालं. तेवढ्यात बायको दोन पिशव्या घेऊन खालून आली.

“हे काय रडतंय?”

“मी बसलो की रडतं.”

“मग तुमच्यासारखंच आहे. तुम्ही उठलात की रडता.” तिने पिशव्या खाली ठेवल्या. “द्या इकडे. मी घालते. मला तसंही वर जायचंच आहे.”

ती थट्टाच होती. पण तिने पट्टा बांधला, खरोखर चार मिनिटं वरखाली केलं आणि पट्टा गप्प झाला. मंगळवारी ताईंनी आकडे वाचले आणि फळ्यावर लिहिले. “पाहा, लिफ्टवाल्यांनी पहिल्याच आठवड्यात काय केलंय.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ड्रायव्हर म्हणाला, “मिस्त्री, छुपे रुस्तम निघालात.” मिस्त्रींनी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

तिथेच बोलायला हवं होतं. पण टाळी एकदा घेतली की परत कशी करायची? त्या संध्याकाळी ते बायकोला म्हणाले, “अजून एकच आठवडा घाल. तोवर मी जरा तयारी करतो.” ती त्यांच्याकडे पाहून हसली आणि म्हणाली, “तुमची अब्रू माझ्या पायात आली म्हणायची.”

एकाचे सहा आठवडे झाले. सोमवार, गुरुवार, शनिवार, दुपारी चार वाजता, पाळणाघरातून आल्यावर. मिस्त्री कामावरून तासभराची सुटी काढून यायचे. व्यायामासाठी म्हटल्यावर मालक आनंदाने सोडायचा. चौथ्या मजल्याच्या दाराशी खुर्ची टाकून ते हातात घड्याळ घेऊन बसायचे आणि वरून ओरडायचे, “चल, अजून एक मिनिट. हात हलव. आता हळू.” खालून तिच्या चपलांचा आवाज यायचा, पटपट, पटपट, मग सावकाश. ती पन्नाशीची बाई होती, सकाळपासून वीस पोरांच्या मागे धावून आलेली. आणि हे खुर्चीत बसून तिला दम भरत होते.

तिसऱ्या आठवड्यात ती वर येऊन कठड्याला टेकली. “अहो, चौथ्या खेपेला छातीत काहीतरी होतं. ओंजळीत चिमणी धरल्यासारखी फडफड.”

“ते चांगलंच. ताई म्हणाल्या होत्या, हृदय जागं होतं.”

ताई असं कधीच म्हणाल्या नव्हत्या.

पाचव्या आठवड्यात तिने पुन्हा सांगितलं. “आज डोळ्यांपुढे जरा अंधारी आली.” मिस्त्री म्हणाले, “काही खाऊन चढत जा.” आणि त्यांनी घड्याळ परत शून्यावर आणलं.

सहाव्या मंगळवारी ताईंनी पट्टे जमा करून घेतले. आता मोठे डॉक्टर आतल्या नोंदी बघणार होते, आणि गुरुवारी तीन वाजता सगळ्यांनी यायचं होतं. मिस्त्री बायकोला म्हणाले, “सुटलीस. पट्टा गेला.” ती म्हणाली, “पट्टा असो नसो, मी चढणार. अंगाला सवय लागलीय. गुरुवारी घड्याळ तेवढं ठेवून जा.”

गुरुवारी मिस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून गेले. खोलीत पडदे लावून एक कोपरा केला होता, पण पडद्याआडचं सगळं बाहेर ऐकू यायचं. शिंप्याचा रक्तदाब उतरला होता. ड्रायव्हरचा दम वाढला होता, आणि डॉक्टर त्याला म्हणाले, की आता बोलणं कमी केलं तर अजून वाढेल. खोली हसली. मग मिस्त्रींची पाळी आली.

डॉक्टरांनी कागदाची लांब पट्टी टेबलावर पसरली. शेवटपर्यंत वाचली. मग चष्मा वर केला.

“चौथ्या खेपेला छातीत फडफड होते?”

मिस्त्री कागदावरची रेघ बघत राहिले.

“अंधारी येते डोळ्यांपुढे?”

मिस्त्रींनी मान खाली घातली.

“तुम्ही सांगितलं नाहीत, हे बरोबर केलं नाही. हे बघा, इथे ठोक्यांचा ठेका सुटतो. सलग नऊ ठोके भलतेच. तिसऱ्या आठवड्यापासून आहे आणि वाढत गेलंय. असं चढता चढता माणूस कोसळू शकतो. पहिल्या तपासणीत तुमच्यात याचा मागमूस नव्हता, म्हणून मला नवल वाटतंय. आज घरी जायचं नाही. वर दाखल व्हा.”

पडद्याबाहेर सगळ्यांनी ऐकलं होतं. मग हालचाल सुरू झाली. कोणीतरी चाकांची खुर्ची आणली. शिंप्याने मिस्त्रींची पिशवी उचलली, त्यांच्या शर्टाचं वरचं बटण स्वतःच्या हाताने सोडलं, आणि “काळजी करू नका, मी आहे ना,” म्हणाला. ड्रायव्हरने पाण्याची बाटली दिली, आणि चक्क काहीच बोलला नाही. आणि मिस्त्री त्या खुर्चीत बसले. निरोगी माणूस, दुसऱ्याच्या दुखण्यावर, खुर्चीत जाऊन बसला.

ताई आणि शिंपी त्यांना घेऊन लिफ्टमध्ये शिरले. लिफ्ट वर निघाली. ताईंनी त्यांचं मनगट धरलं होतं. मिस्त्रींच्या मनात एक विचार आला, आणि तो विचार ते पुढे कधी कुणाला सांगू शकले नाहीत. तपासू देत मला. काही सापडणार नाही. म्हणतील, विश्रांतीने बरं झालं. मग घरी जाऊन तिला म्हणेन, तूही एकदा दाखवून घे. कुणाला काही कळणार नाही. देवाशपथ, तो विचार दोन मजले टिकला.

तिसऱ्या मजल्याचा दिवा लागला तेव्हा त्यांची नजर ताईंच्या घड्याळावर गेली. चार वाजून सात मिनिटं. गुरुवार.

ती जिन्यावर होती.

त्यांनी हात लांब करून बटण दाबलं. लिफ्ट थांबली.

“ताई, ते काळीज माझं नाही.”

“असं वाटतं पहिल्यांदा ऐकल्यावर. शांत बसा.”

“तसं नाही. पट्टा बांधून मी चढलोच नाही. एक खेपसुद्धा नाही. बायकोने बांधला. सगळ्या खेपा तिच्या आहेत. फडफड तिला होते. ती मला म्हणाली होती.” त्यांनी मनगट ताईंच्या हातातून सोडवून घेतलं. “दोनदा म्हणाली होती. आणि आत्ता ती चढतेय.”

शिंप्याच्या हातात अजून त्यांची पिशवी होती. त्याने ती मिस्त्रींच्या मांडीवर ठेवली, हळूच, एखाद्याने उसनी वस्तू परत करावी तशी.

“तुमचे आकडे बघून मी गुडघ्याला फडकं बांधून चढत होतो,” तो म्हणाला. “बायको म्हणायची थांबा, मी म्हणायचो, मिस्त्री बघ, केवढ्या पोटाचा माणूस.” तो चिडला नव्हता. चिडला असता तर बरं झालं असतं.

मिस्त्रींनी फोन लावला. वाजत राहिला. ती फोन घरात ठेवून चढायची, मिस्त्रींनीच सांगितलं होतं, लक्ष विचलित होतं म्हणून.

डॉक्टरांना सांगणं भाग होतं आणि डॉक्टर खालच्या खोलीत होते, तेव्हा लिफ्ट परत खाली आणून सगळ्यांसमोरच सांगावं लागलं. ड्रायव्हर आधी हसला, त्याला वाटलं मिस्त्री भीतीने बरळतायत. मग त्याचं हसू अर्ध्यात राहिलं. फळ्यावर अजून लिफ्टवाल्यांचे आकडे सगळ्यात वर होते. डॉक्टर एकही शब्द वाकडा बोलले नाहीत. फक्त विचारलं, “तिचं वय?” आणि मग, “गाडी पाठवतो. पत्ता सांगा.”

“तुमची गाडी तयार होईपर्यंत माझी पोहोचेल,” ड्रायव्हर म्हणाला. “चला.” वाटेत तो बोलला नाही. सहा आठवड्यांत त्याला गप्प बसलेला कुणी पाहिला नव्हता, आणि त्या दिवशी मिस्त्रींनी तो दुसऱ्यांदा पाहिला.

इमारतीखाली आल्यावर मिस्त्रींचा हात सवयीने लिफ्टच्या बटणाकडे गेला. बटणावर त्यांच्याच हस्ताक्षरातली चिठ्ठी होती, तीन महिन्यांची, कडा पिवळ्या पडलेली. ‘बंद आहे.’

ते जिन्याला लागले. पहिला मजला धावत. दुसऱ्यावर पाय भरले. वरून चपलांचा आवाज येत होता, सावकाश, टप टप. म्हणजे हळूची तीन मिनिटं चालू होती. म्हणजे त्यानंतर जोरात. कितवी खेप आहे ते त्यांना कळेना. ते हाक मारायला गेले आणि आवाजच फुटेना. ताई म्हणाल्या होत्या तसंच झालं, अख्खं वाक्य सोडा, एक शब्द निघेना. कठड्याला धरून, चार पायऱ्या धावत आणि दोन पायऱ्या ओढत ते तिसऱ्या मजल्याच्या वर पोहोचले.

ती वळणावर उभी होती. हातात घड्याळ. चेहरा घामाने ओला.

त्यांनी तिचा हात धरला आणि मटकन पायरीवर बसले, तिलाही ओढून बसवलं.

“काय झालं? अहो, काय झालं तुम्हाला?” तिने पदराने त्यांचं कपाळ पुसलं. “कोण मागे लागलंय? नापास केलं का डॉक्टरांनी?”

त्यांनी मान हलवली. बोट तिच्या घड्याळाकडे केलं.

“तीन झाल्या,” ती म्हणाली. “चौथी सुरू करणार होते. एक मिनिट राहिलंय अजून.”

मिस्त्रींनी ते घड्याळ तिच्या हातातून काढून घेतलं आणि बंद केलं. मग, दम खात, दोनदोन शब्द करत, त्यांनी सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले ते. खुर्चीत बसलो ते. ‘हृदय जागं होतं’ असं कुणी म्हटलं नव्हतं, ते मीच म्हटलं, तेही. फक्त लिफ्टमधले दोन मजले त्यांच्या घशाखालीच राहिले.

ती ऐकत होती. ऐकून झाल्यावर खाली बघत म्हणाली, “मी सांगितलं होतं तुम्हाला. दोनदा.”

एवढंच. त्यानंतर त्या विषयावर ती कधी काही बोलली नाही.

ड्रायव्हरने आणि मागून गाडीने आलेल्या हॉस्पिटलच्या माणसांनी तिला खुर्चीत बसवून उचलून खाली नेलं, वळणावळणावर थांबत, कारण लिफ्ट बंद होती. मजल्यामजल्यावर दारं उघडली. “लिफ्टवाल्यांचीच बायको ना?” असं कुणीतरी हळू म्हणालं. मिस्त्री मागून तिच्या चपला हातात घेऊन उतरत होते.

आठ दिवस ती हॉस्पिटलात होती. हृदयातली एक झडप सैल होती, बरीच वर्षं असावी, आणि जोराचा ताण पडला की ठेका सुटायचा. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, नीट सांभाळलं तर पुष्कळ वर्षं आहेत. पण जिना बंद. पुढे कधीतरी सपाटीवर, हळू, ताईंच्या नजरेखाली.

भेटायला येणारे सगळे मिस्त्रींची समजूत घालायचे. “बघा, तुम्ही पट्टा दिला म्हणून तर कळलं. देवाचीच योजना.” पाळणाघरातल्या बायका म्हणाल्या, शेजारी म्हणाले, सुटी द्यायला आलेला मालकसुद्धा म्हणाला. मिस्त्री देवभोळे होते, रोज हात जोडल्याशिवाय घराबाहेर पडत नसत. पण हे ऐकलं की ते उठून बाहेर जायचे. देवाने वाचवलं असेल, त्याची कृपा. पण खुर्चीत बसून ‘अजून एक मिनिट’ म्हणणारा देव नव्हता. ते त्याच्या माथी मारायची त्यांची छाती होईना.

ती घरी यायच्या आदल्या दिवशी त्यांनी खण उघडला आणि खटका काढला. बसवायला पंचवीस मिनिटं लागली. पंचवीस मिनिटांचं काम तीन महिने. चाचणीला लिफ्ट वरखाली केली, दार सात वेळा उघडलं, मिटलं. मग चिठ्ठी काढली आणि फेकून न देता घडी करून पाकिटात ठेवली.

पुढच्या मंगळवारी ते गटात गेले. फळ्यावरचे आपले आकडे त्यांनी स्वतः पुसले. हातानेच पुसले, म्हणून नीट पुसले गेले नाहीत, पांढरा फराटा राहिला. शिंपी शेवटच्या बाकावर बसला होता. मिस्त्री त्याच्या शेजारी बसायला गेले, आणि शिंप्याने पिशवी उचलून जागा केली. नजर मात्र फळ्यावरच ठेवली.

ताईंनी पट्टा पुढे केला. “मिस्त्री, चार मिनिटांची घाई नको. एक मिनिट जोरात, दोन मिनिटं हळू. तिथून सुरू करू. तुमच्या पायांनी.”

गुरुवारी दुपारी चार वाजता मिस्त्रींनी शर्टाच्या आत पट्टा बांधला. बायको नुकतीच डॉक्टरकडून आली होती; दोघं खाली लिफ्टपाशी उभी होती. तिने लिफ्टचं दार उघडलं, आत गेली आणि त्यांच्याकडे बघितलं.

“येताय?”

“नाही,” ते म्हणाले. “तू हो पुढे.”

लिफ्ट गेली. ते जिन्याने निघाले. पहिल्या मजल्यानंतर छाती भात्यासारखी झाली, दुसऱ्यावर गुडघे वाकले, आणि त्यांचा वेग पडला. शर्टाच्या आतून पट्टा रडू लागला. पिकपिक, पिकपिक. रिकाम्या जिन्यात तो आवाज केवढा तरी घुमला. एक दार किलकिलं झालं, मग वरच्या मजल्यावर दुसरं. पट्ट्याचा आवाज बंद करायची कळ कुठे आहे ते मिस्त्रींना ठाऊक होतं. सव्वीस वर्षं कळाच तर दाबत आले होते.

त्यांनी ती कळ दाबली नाही. कान तापले होते, मान खाली होती. शेजाऱ्यांच्या कुंडीजवळून ते गेले आणि या वेळी चौकशी न करता गेले. पट्टा रडत राहिला, सगळा जिना ऐकत राहिला, आणि ते पायरीपायरीने वर चढत राहिले. चौथ्या मजल्यावरून लिफ्टचं दार मिटल्याचा आवाज मघाशीच आला होता, आणि त्यानंतर घराचं दार लागल्याचा आवाज यायला हवा होता. तो अजून आला नव्हता. वर कठड्याशी तिच्या बांगड्या वाजल्या; ती थांबली होती.